एक इंच डावीकडे

गेल्या वर्षी धाकट्या कन्येच्या लग्नाच्या खर्चाची जी वही आमच्या घरी मांडली गेली, तिच्यात ‘किरकोळ’ या सदराखाली दोन नोंदी आहेत : ‘स्पीकर, 1 नग’ आणि ‘माइक, 1 नग’. मंडपात लावण्यासाठी ते आणले असावेत असा कोणाचाही समज होईल. आमच्या व्याह्यांचाही झाला होता. वस्तुतः तो स्पीकर इलेक्ट्रिक गिटारचा असून माइक त्या स्पीकरचा आवाज ध्वनिमुद्रित करण्यासाठी घेतलेला आहे, आणि हे दोन नग निवडण्यात आमचे जवळजवळ तीन महिने गेले. शालू निवडण्यास दोन दिवस पुरले होते.

धाकटी सी. ए. आहे आणि महाविद्यालयात असल्यापासून इलेक्ट्रिक गिटार वाजवते. विवाहासाठी तिचा बायोडेटा तयार करताना ‘छंद’ या रकान्यात ‘गिटार’ लिहावे की नुसते ‘संगीत’ लिहावे, यावर माझी आणि सौ.ची दोन संध्याकाळी चर्चा झाली. बँकेतील चौतीस वर्षांच्या नोकरीत अर्जदाराने संपूर्ण माहिती द्यावी असा आग्रह मी धरत आलो. येथे मात्र मी ‘संगीत’ या मताचा होतो. मुलीने तो कागद माझ्या हातातून घेतला आणि ‘इलेक्ट्रिक गिटार’ असे स्वच्छ अक्षरात लिहिले. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलाच्या आजींनी “मग एखादं स्तवन वाजव की” असे सुचवले, तिने ते वाजवले, आणि संबंध जमला.

लग्न होऊन बेंगळुरूला जाण्यापूर्वी तिला एक काम पुरे करायचे होते. तिघा मित्रमैत्रिणींच्या त्यांच्या छोट्या वाद्यवृंदाची चार गाणी मुद्रित करायची होती. ड्रम आणि बास यांचे मुद्रण स्टुडिओत झाले. गिटारचे काम मात्र घरी करावे असे तिने ठरवले. कारण गिटारचा हवा तो आवाज सापडेपर्यंत तासन् तास खटपट करावी लागते आणि स्टुडिओचे भाडे तासावर चालते. हा हिशेब मला पटला.

येथे एक जुनी बाब सांगितली पाहिजे. सुमारे दहा वर्षांपूर्वी तिने माझ्याकडे अँप्लिफायरसाठी पैसे मागितले होते आणि मी ‘घसारा होणाऱ्या वस्तूसाठी पैसे गुंतवू नयेत’ असे उत्तर देऊन तो अर्ज फेटाळला होता. तिने आर्टिकलशिपच्या विद्यावेतनातून पैसे साठवून एक वापरलेला, 15 वॅटचा, व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घेतला. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही, परंतु कोणी विसरलेही नाही. म्हणून या वेळी त्याचा जुना, फाटलेला स्पीकर बदलायचा आहे आणि चांगला माइक घ्यायचा आहे असे कानावर आले, तेव्हा “ते दोन्ही माझ्याकडून” असे मीच म्हणालो. तिने मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिले आणि “बरं” एवढेच म्हटले.

चांगला स्पीकर म्हणजे जो आवाज जसाच्या तसा ऐकवतो तो, अशी माझी समजूत होती. दिवाणखान्यातील संगीतसंचाच्या बाबतीत ती खरी आहे. गिटारच्या बाबतीत गोष्ट उलट आहे. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ सूर सुमारे 82 हर्ट्झचा आणि अगदी वरच्या पडद्यावरचा सूर साधारण 1300 हर्ट्झच्या आत असतो. त्याहून वर जे काही ऐकू येते ते सारे उपस्वर. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर जोराने चालवला की तो या उपस्वरांची दाटी करून सोडतो, आणि गिटारप्रेमींना प्रिय असलेला तो खरखरीत, भरलेला आवाज त्यातूनच येतो. पण या दाटीचा वरचा भाग कानाला असह्य असतो. गिटारसाठी बनवलेला 12 इंची कागदी शंकूचा स्पीकर सुमारे 5000 हर्ट्झच्या वर हात टेकतो, आणि हे त्याचे न्यून नसून हेच त्याचे काम आहे. तो गाळणी आहे. तोच अँप्लिफायर जर सर्व काही ऐकवणाऱ्या उत्तम स्पीकरला जोडला, तर पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी अडकल्यासारखा आवाज येतो. तंबोऱ्याचा भोपळा जसा तंबोऱ्यापासून वेगळा काढता येत नाही, तसा गिटारचा स्पीकर वाद्याचाच भाग आहे. हा 5000 चा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो माझ्याच अंगावर येणार आहे.

बाजारात नावे पुष्कळ. अमेरिकेत जेन्सन आणि एमिनन्स, इंग्लंडमध्ये सेलेस्टियन. पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान होते. तेथे 1960 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी अँप्लिफायर बनवण्यास सुरुवात केली, आणि त्यांच्या पेट्यांत सेलेस्टियनचे स्पीकर बसले. त्यांतील ‘ग्रीनबॅक’ हा एक. लोहचुंबकावर हिरव्या प्लॅस्टिकचे झाकण असे, म्हणून हे नाव पडले. पुढे 1980 च्या दशकात याच कंपनीचा ‘व्हिंटेज 30’ आला. आमच्या यादीत शेवटी हे दोनच उरले.

मी सवयीप्रमाणे तुलनात्मक तक्ता केला. ग्रीनबॅक 25 वॅट सोसतो, व्हिंटेज 30 हा 60 वॅट सोसतो (नावातील 30 म्हणजे वॅट नव्हेत, हे समजण्यास मला एक रात्र लागली). एक वॅट शक्ती देऊन एक मीटरवर मोजले असता पहिल्याचा आवाज 98 डेसिबल, दुसऱ्याचा 100. तीन डेसिबल वाढ म्हणजे शक्ती दुप्पट केल्यासारखे. तेव्हा दोन डेसिबल हा काही क्षुल्लक फरक नव्हे. तक्त्यावरून व्हिंटेज 30 सरस ठरत होता आणि मी तसा अभिप्राय लिहूनही टाकला.

“पप्पा,” धाकटी म्हणाली, “ताळेबंद वाचून कर्जदार कळायचा का तुम्हाला?”

याला उत्तर नव्हते. बार्शीच्या बाजारात आमच्या अण्णांचे आडत दुकान होते. अण्णा शेतमालाचा कागद कधी पाहत नसत. पोत्यात लोखंडी नळी खुपसून दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाणा दाताखाली धरायचा आणि मग भाव बोलायचा. मी दुकान सोडून बँकेत गेलो तेव्हा “तू कागदावरून माणूस ओळखायला निघालास” असे ते म्हणाले होते. त्यांचा राग पुष्कळ दिवस टिकला.

तरीही कागदाचा मोह सुटला नाही. तिला न सांगता मी एक स्पीकर मागवला. तो 8 ओहम आणि 16 ओहम अशा दोन प्रकारांत मिळत होता. दोन्हींची किंमत सारखी. सोळा हा आकडा आठाच्या दुप्पट असल्यामुळे मी 16 मागवला. एम. कॉम. झालेल्या माणसाने याहून ठळक चूक क्वचितच केली असेल. ओहम हे स्पीकरचे सामर्थ्य नसून अँप्लिफायरला वाटणारा त्याचा विरोध आहे, आणि व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमधील आउटपुट ट्रान्सफॉर्मर विशिष्ट विरोधासाठी गुंडाळलेला असतो. आमच्या अँप्लिफायरला 8 ओहमचे एकच तोंड होते. दोन्ही जुळले पाहिजेत. आणि स्पीकर मुळीच न जोडता असा अँप्लिफायर चालवला तर ट्रान्सफॉर्मर जळण्याचीही भीती असते. पार्सल परत गेले. कुरियरचा भुर्दंड वहीत लिहिलेला नाही.

वॅटचे गणित मात्र मला चटकन उमजले. 15 वॅटचा अँप्लिफायर पूर्ण जोराने चालवला तर तो लिहिलेल्या आकड्यापेक्षा अधिक शक्ती बाहेर टाकतो. म्हणून स्पीकरची क्षमता त्याहून बरीच जास्त असावी लागते. 15 च्या कर्जाला 25 चे तारण. यात मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

मग तिने तिच्या वाद्यवृंदातील मित्राची एक पेटी घरी आणली. तिच्यात एक ग्रीनबॅक आणि एक व्हिंटेज 30 असे शेजारी शेजारी बसवलेले होते. प्रत्येक 16 ओहमचा, समांतर जोडणीमुळे दोघांचे मिळून 8. जुना फाटका स्पीकर आमच्याच अँप्लिफायरमध्ये होता. ऐकायला तीन स्पीकर झाले. आता माइक.

माइकचे साधारण तीन प्रकार आमच्या विचारात आले. कंडेन्सर माइक फार नाजूक कानाचा. तो तिच्याकडे गाण्यासाठी आधीच होता. त्याने गिटार तर टिपलीच, शिवाय वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी आणि आमच्या पंख्याची कुरकुरही टिपली. रिबन माइकमध्ये अ‍ॅल्युमिनियमची काही मायक्रॉन जाडीची पट्टी चुंबकाच्या दोन टोकांमध्ये टांगलेली असते आणि आवाजाने ती हलते. तिच्या ओळखीच्या एका ध्वनिमुद्रकाने तो आठवडाभर वापरण्यास दिला. त्याचा आवाज ऐकून धाकटीचा चेहरा उजळला. मला मात्र तो घोंगडी पांघरल्यासारखा वाटला, आणि मी तसे ठामपणे सांगितले. या प्रकारातील नामांकित माइकच्या किमती लाखाच्या पुढे जातात हेही मी सांगितले. या दोन विधानांत कार्यकारणभाव आहे असा तिचा आरोप होता.

तिसरा प्रकार डायनॅमिक माइकचा, आणि त्यात शुअर या अमेरिकन कंपनीचा ‘एसएम 57’. हा 1965 साली बाजारात आला आणि आजही मिळतो. दिसायला अगदी साधा, गावच्या सभेत दिसावा तसा. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाच्या मेजावर 1960 च्या दशकापासून हाच असतो, आणि जगभरच्या स्टुडिओंत गिटारच्या स्पीकरपुढेही बहुधा हाच उभा केला जातो. तो खोलीतले फारसे ऐकत नाही, समोरचे ऐकतो. पडला तरी सहसा बिघडत नाही. आमच्या शाखेत असा एक शिपाई होता. मी हा माइक मंजूर केला.

परंतु खरी अडचण यानंतर सुरू झाली. स्पीकर कोणता आणि माइक कोणता, यापेक्षाही माइक स्पीकरच्या नेमका कोठे धरायचा, याने आवाज अधिक बदलतो. मला हे प्रथम अतिशयोक्तीचे वाटले. मग तिने माइक जाळीच्या कापडापासून एक इंच अंतरावर ठेवून, शंकूच्या मधोमध जी घुमटासारखी टोपी असते तिच्या समोरून हळूहळू बाहेरच्या कडेकडे सरकवला. मध्यावर आवाज तेजस्वी आणि धारदार. कडेकडे जावे तसा तो गडद आणि मऊ. तीन-चार इंचांच्या या प्रवासात जणू चार वेगळी वाद्ये वाजली. मला अण्णांची नळी आठवली. पोते तेच, माल तोच. पण नळी तोंडाशी खुपसली तर एक दाणा हाती येतो आणि तळाशी खुपसली तर दुसरा. तोंडाशी चांगला माल भरून आणणारे अण्णा लांबून ओळखत.

याच संदर्भात तिने मला 1966 सालची एक हकीकत सांगितली. जॉन मेयॉल यांच्या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकेसाठी एरिक क्लॅप्टन हे लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेडमधील डेक्का स्टुडिओत आले ते मार्शलचा अँप्लिफायर घेऊन, आणि कार्यक्रमात वाजवतो तेवढ्याच मोठ्या आवाजात वाजवणार म्हणून अडून बसले. स्टुडिओची शिस्त हळू वाजवण्याची होती. शेवटी त्यांचाच हट्ट चालला आणि माइक अँप्लिफायरपासून दूर ठेवून मुद्रण झाले. त्या आवाजाने पुढील पिढीच्या गिटारवादकांना वेड लावले. मी म्हणालो, डेक्काला वरच्या मजल्यावर कुलकर्णी नव्हते.

आमच्या सोसायटीत डेक्काचा हट्ट चालण्यासारखा नव्हता. म्हणून पेटी मुलीच्या खोलीतील उघड्या कपाटासमोर ठेवली, मागे सौ.च्या गोधड्या आणि पाहुण्यांच्या गाद्या उभ्या केल्या, आणि दुपारी बारा ते दोन व संध्याकाळी सात ते साडेआठ अशा वेळा वरच्या मंडळींशी बोलून ठरवल्या. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, त्यामुळे सातनंतर स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज नसतो. ध्वनिमुद्रणाला हा केवढा लाभ आहे ते इतर गिटारवादकांना ठाऊक नसावे. दुपारी सौ. सामायिकाला बसल्या की त्या 48 मिनिटांत अँप्लिफायर बंद. तेवढ्यात धाकटी आवाज न करता माइकच्या जागा मोजून कापडावर चिकटपट्टीच्या खुणा करी : एक मध्यावर, एक मध्यापासून एक इंच डावीकडे, एक तीन इंच डावीकडे.

निर्णय कागदावर यावा म्हणून मी परीक्षेची पद्धत आखली. तीन स्पीकर, प्रत्येकाच्या तीन जागा, असे नऊ नमुने. सर्वांत एकच वीस सेकंदांचा तुकडा वाजवलेला. जो आवाज किंचित मोठा असतो तोच कानाला चांगला वाटतो, तेव्हा तिने सर्व नमुने सारख्याच पातळीवर आणले. दिव्याखाली माल दाखवणाऱ्यांची युक्ती माहीत असलेल्या वाचकांना याचे कारण सांगायला नको. चिठ्ठ्या सौ. काढणार, क्रमांक कोणालाही दिसणार नाही, आणि आम्ही तिघे आपापले गुण दहापैकी लिहिणार. असे तीन संध्याकाळी. जुन्या लांबट रजिस्टरवर मी रकाने आखले. तिघांच्या प्रत्येकी 27 नोंदी, एकूण 81.

चौथ्या संध्याकाळी मी बेरजा केल्या. स्पीकरच्या बाबतीत तिघांचे एकमत होते. ग्रीनबॅक पहिला. व्हिंटेज 30 हा वरच्या मध्य सप्तकात पुढे येतो, चार वाद्यांच्या गर्दीत वाट काढतो. पण त्यांच्या तिघांच्या मोकळ्या वादनात ग्रीनबॅकचा ऊबदार, थोडा खरबरीत आवाज अधिक शोभत होता. माझा तक्ता हरला होता, आणि हरवण्यात माझेच गुण सामील होते. याचा मला आनंदच झाला.

मग जागांच्या बेरजा. एक इंच डावीकडच्या नमुन्यांना मुलीचे आणि सौ.चे आठ-नऊ गुण, मध्यावरच्या नमुन्यांना तीन-चार. माझे नेमके उलट. मध्यावरच्या माझ्या नऊ नोंदींपैकी नऊही ठिकाणी माझे गुण सर्वांत जास्त होते. स्पीकर कोणताही असो, संध्याकाळ कोणतीही असो. क्रमांक झाकलेले असताना.

एकाच कारकुनाची चूक नेहमी एकाच दिशेने होत असेल, तर तपासनीस म्हणून मी ती चूक मानत नसे. एक तर लबाडी असते, नाहीतर चष्म्याचा नंबर बदललेला असतो. लबाडी मी केली नव्हती.

धाकटीने मध्यावरचा एक नमुना पुन्हा लावला. “यात वर सतत एक करकर आहे, पप्पा. तेल नसलेल्या बिजागरीसारखी. ऐकू येते?” मी म्हणालो, आवाज छान उघडा आहे. तिने तो थांबवला, पुन्हा लावला. तिने माझ्याकडे पाहिले नाही, पडद्याकडेच पाहत राहिली. सौ. म्हणाल्या, “वॉशिंग मशीन संपल्यावर वाजतं ते तुम्हाला ऐकू येत नाही, हे मी दोन वर्षं सांगते आहे.” हे खरे होते. व्याख्यानाला मी पहिल्या रांगेत बसू लागलो होतो, ते भक्तीमुळे असे सर्वांना वाटू दिले होते. महाराजसाहेबांच्या वाक्यांतील ‘स’ आणि ‘श’ निसटत होते, हे मी कोणाला सांगितले नव्हते.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. बंद खोलीत बसवून 250 पासून 8000 हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवतात आणि आलेख काढतात. माझा आलेख तीन हजारांपर्यंत बऱ्यापैकी सपाट होता. पुढे तो असा उताराला लागला की बुडालेल्या शाखेचा ठेवींचा तक्ता वाटावा. वयोमानाने असे होते, आधी वरचे सूर जातात, असे डॉक्टर म्हणाले. मी विचारले, “म्हणजे साधारण पाच हजारांच्या वर काहीच नाही?” या विशिष्ट आकड्यात मला एवढे स्वारस्य का, हे त्यांना कळले नसावे. परतताना रिक्षात मी धाकटीला म्हणालो की, तो स्पीकर आणि मी, आम्ही दोघे एकाच ठिकाणी हात टेकतो. तिला हसू आले नाही.

घरी आल्यावर मी रजिस्टर पुढे केले. माझे सर्व गुण रद्द करून पुन्हा बेरीज करावी, असे सुचवले. सदोष काट्यावर वजन केलेला माल ग्राह्य धरता येत नाही.

“रद्द कशाला?” ती म्हणाली. “स्पीकरचे तुमचे गुण बरोबरच आहेत. गिटार जिथे राहते तिथलं तुम्हाला सगळं ऐकू येतं. फक्त माइक कुठे लावायचा ते मी ठरवते.” तिने लाल पेनने जागांच्या रकान्यातील माझ्या नोंदींभोवती चौकट काढली. माझ्या रजिस्टरमध्ये दुसऱ्या कोणी लाल पेन वापरण्याची ती पहिली वेळ.

नवा ग्रीनबॅक आला, 8 ओहमचा. जुना स्पीकर सोडवून नवा बसवताना मी बॅटरी धरली. चारही बाजूंचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे असतात, एकच घट्ट केला तर चौकट वाकते. माइकही आला. तीन गाणी एक इंच डावीकडच्या खुणेवर मुद्रित झाली.

चौथ्या गाण्यासाठी तिला दोन माइक हवे होते : जवळ 57 आणि त्याच्या मागे सहा इंचांवर उसना रिबन. दोन्ही आवाज स्वतंत्रपणे उत्तम. एकत्र केले, तर मधला गाभाच नाहीसा झाला. नळातून बोलल्यासारखे पोकळ. कारण साधे आहे. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. सहा इंच जास्त चालायला त्याला अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो, आणि तेवढ्या उशिराने 1100 हर्ट्झच्या आसपासची लाट पहिल्या माइकवर चढणीला असताना दुसऱ्यावर उतरणीला असते. दोघी एकमेकींना खोडतात. गिटारचा सारा जीव त्याच पट्ट्यात. या मासिकाच्या वाचकांना येथे अनेकांत आठवेल, मलाही आठवला : दोन्ही माइक आपापल्या जागेवरून खरेच बोलत होते. परंतु दोन सत्यांची नुसती बेरीज केल्याने आवाज पोकळ होतो हे कोणत्याही प्रवचनात मी ऐकले नव्हते. धाकटीने रिबन पुढे सरकवून दोन्ही माइकची तोंडे स्पीकरपासून समान अंतरावर आणली, आणि गाभा परत आला. हा फरक मला स्पष्ट ऐकू आला. तो 5000 च्या पुष्कळ खालचा होता. मी तसे मोठ्याने म्हटले.

मार्चमध्ये लग्न झाले. अँप्लिफायर तिच्याबरोबर बेंगळुरूला गेला. व्याह्यांनी तो स्वतः गाडीत चढवला आणि “हा मंडपात दिसला नाही” असे म्हणाले. जाण्यापूर्वी तिने माझ्या संगणकावर चार गाणी ठेवली होती. उघडून पाहिले तर पाच निघाली. पाचवे म्हणजे चौथेच गाणे, पुन्हा वाजवलेले. फाइलला नाव होते ‘पप्पा, मध्यावर’. माइक मध्यावरच्या खुणेवर ठेवून तिने ते कधी मुद्रित केले, ते मला समजले नव्हते. बहुधा मी दुपारी बँकेत निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला देण्यास गेलो तेव्हा. ते गाणे मी रोज संध्याकाळी सातनंतर ऐकत असे. छान उघडा आवाज.

पावसाळ्यात मी श्रवणयंत्र घेतले. फार दिवस टाळले होते. तंत्रज्ञ बाईंनी ते उलगडून दाखवले : यात एक माइक असतो, एक अँप्लिफायर आणि एक इवलासा स्पीकर. मी म्हणालो, मला थोडी माहिती आहे. त्यांनी वरचे सूर कोठून किती उचलायचे याच्या तीन-चार मांडण्या एकामागून एक लावल्या आणि “कोणती बरी वाटते?” असे विचारले. सर्वांची पातळी सारखी केली आहे का, असे मी विचारताच त्या थोड्या थांबल्या. मला कागद आणि पेन लागेल, असेही मी सांगितले.

घरी आलो तेव्हा वॉशिंग मशीन संपल्याचे वाजत होते. सौ. माझ्याकडे पाहत होत्या. मी काही बोललो नाही. संध्याकाळी ‘पप्पा, मध्यावर’ लावले. पहिल्याच सुरावर वर कोठेतरी बिजागरी करकरली, आणि गाणे संपेपर्यंत करकरत राहिली. दुसऱ्यांदा ऐकले, तरी होतीच. मग ‘एक इंच डावीकडे’ असलेले लावले.

रजिस्टर कपाटातून काढले. मध्यावरच्या माझ्या नोंदी लाल चौकटीत होत्या तशाच होत्या. बँकेत खाडाखोड चालत नाही. जुन्या आकड्यावर एक आडवी रेघ ओढायची, तो वाचता आला पाहिजे, शेजारी नवा आकडा लिहायचा आणि सही करायची. नऊ नोंदी होत्या. मी नऊ सह्या केल्या आणि तारीख घातली.